आजीचं उंडेल आणि बाटलीतलं तमानू: तेल एकच का?

अबोली:

नमस्कार. एका तेलाबद्दल विचारायचं आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल.

माझ्या गालांवर मुरमांचे डाग आहेत. मुरमं आता जवळजवळ थांबलीत, डाग मात्र हलत नाहीत. बरेचसे तपकिरी आहेत आणि दोन-तीन ठिकाणी बारीक खड्डे पडलेत. मैत्रिणीने तमानू तेल सुचवलं: ताहितीच्या बेटांवरचं, समुद्रकाठच्या झाडाचं, डागांवर रामबाण. मी मागवलं. बाटलीवर बारीक अक्षरांत 'कॅलोफायलम इनोफायलम सीड ऑइल' असं लिहिलेलं होतं. ते नाव शोधत गेले तर मराठी नाव निघालं उंडी, आणि मी बघतच राहिले. कारण उंडीचं तेल आमच्या आजीच्या घरात होतं!

आजीचं घर गुहागरच्या बाजूला. माजघरातल्या कोनाड्यात एक काळपट बाटली असायची, तोंडाला कापडाचा बोळा. आजी त्याला उंडेल म्हणायची. टाचांना भेगा पडल्या, आजोबांचे गुडघे धरले, कुणाची पाठ आखडली, की ती बाटली निघायची. मला मात्र ते चेहऱ्याला कधी लावू दिलं नाही. एकदा मी गंमत म्हणून बोट बुडवून गालाला लावलं, तर तिने पदराने खसाखसा पुसून काढलं होतं.

आता घोळ असा की आजीचं तेल हिरवट-काळं, दाट, आणि वास असा की लावलेलं माणूस खोलीत आल्याचं न बघता कळावं. माझ्या बाटलीतलं फिकट पिवळं, पातळ, वास जवळपास नाहीच. म्हणून मावशीला फोन केला. तिने या वर्षी परसातल्या उंडीचं तेल काढून आणलं होतं, त्यातली अर्धी बाटली पाठवली. ते अगदी आजीच्या तेलासारखं दिसतं. मला इतका आनंद झाला की त्याच रात्री सरळ गालांना चोळून झोपले. सकाळी डावा गाल लालभडक, आग आणि खाज. आता तीन दिवसांनी लाली उतरलीय, पण कातडी ओढल्यासारखी वाटते.

तर दोन्ही तेलं एकाच झाडाची का? खरं कुठलं? आणि आजी चेहऱ्याला का लावू देत नव्हती? ती असती तर तिलाच विचारलं असतं.


तिरफळ:

झाड एकच, याबद्दल शंका ठेवू नका. कॅलोफायलम इनोफायलम हे नाव लिनिअसने १७५३ साली दिलं. कॅलोफायलम म्हणजे सुंदर पानाचं. उंडीचं पान उन्हाकडे धरून बघा, मधल्या शिरेपासून कडेपर्यंत केसासारख्या बारीक समांतर शिरा इतक्या दाट असतात की विणल्यासारखं दिसतं.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून आपला कोकण, श्रीलंका, आग्नेय आशिया ते थेट पॉलिनेशियापर्यंत हे झाड आहे. फळ पाण्यावर तरंगतं, भरतीबरोबर लांब जातं आणि दुसऱ्या पुळणीवर रुजतं. ताहितीत तमानू, हवाईत कमानी, तमिळमध्ये पुन्नै, कन्नडमध्ये सुरहोन्ने, संस्कृतात पुन्नाग. तुमच्या आजींच्या परसातलं झाड आणि त्या बाटलीवरच्या चित्रातलं झाड सख्खी भावंडं आहेत. तेलाच्या रंगाचं मात्र तेल काढणारं कुणी सांगेल तर बरं.


पुळण:

अबोली, लेकीच्या वयाची वाटतेस म्हणून एकेरी लिहिते. आधी गालाचं. सध्या त्याला काही म्हणजे काही लावू नकोस, बाटलीतलंही नाही आणि मावशीचंही नाही. साध्या पाण्याने धू, चोळू नकोस. परत लाली आली किंवा पाणी सुटलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि जाताना दोन्ही बाटल्या घेऊन जा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी राहते. घरामागे तीन उंड्या आहेत. लग्न होऊन आले त्याला एकतीस वर्षं झाली. आधी सासूबाई तेल काढायच्या, आता मी काढते. पुस्तकातलं मला फारसं ठाऊक नाही, पण उंडेल कशाने चांगलं होतं आणि कशाने बिघडतं ते हाताला माहीत आहे.

उंडीच्या ताज्या बीतून तेल निघत नाही, सगळं त्यावर आहे. फळ लहान लिंबाएवढं, गोल, हिरवं, पिकलं की पिवळट. वरचा पातळ मगज वटवाघळं रात्री खातात आणि बी टाकून देतात. सकाळी पायवाटेवर सोललेल्या स्वच्छ बिया पडलेल्या सापडतात, त्या मी पहिल्यांदा वेचते, कारण वटवाघूळ कच्च्या फळाच्या वाटेला जात नाही. बीला टणक कवच, कवचाच्या आतून बुचासारखा मऊ थर आणि त्यात सुपारीएवढा गर. पहिल्या दिवशी फोडलास तर गर ओल्या खोबऱ्यासारखा पांढुरका दिसेल. घाण्यात घातलास तर नुसता भुगा होईल.

तोच गर उन्हात ठेवला की आठवड्यागणिक रंग बदलतो. आधी पिवळा, मग विटकरी, शेवटी गुळाच्या ढेपेसारखा काळपट तपकिरी. सुकतो तसा आक्रसतो आणि वरून ओलसर, चिकट व्हायला लागतो. ऊन मिळतंय आणि गर कोरडा व्हायच्या ऐवजी तेलकट होतोय, हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरं वाटेना. दीड-दोन महिने लागतात. रोज सकाळी खळ्यात पसरायचा, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायचा. सासूबाईंची खूण अशी होती की गर नखाने दाबला तर नखाच्या कडेला तेलाची रेघ उमटली पाहिजे. नुसता डाग पडला तर अजून आठ दिवस. आजही मी नखच लावते.

तो काळा-हिरवा रंग आणि तो वास याच वाळवणात तयार होतो. तेलाबरोबर राळेसारखा चिकट अंश उतरतो, रंग-वास त्याचा. नीट झालेल्या उंडेलाला भाजलेल्या मेथीसारखा कडसर वास येतो, उग्र असला तरी नाक आक्रसावं असा नसतो. बुरशीचा, आंबूस किंवा जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास आला तर ते तेल बिघडलेलं. मावशीच्या बाटलीला नेमका कसा वास आहे, ते आठवून लिही. आणि तिने गर किती दिवस वाळवला तेही विचार. घाईत काढलेल्या तेलात ओल राहते, ते लवकर खवट होतं आणि कातडीला चावतं. एक वर्ष माझ्याकडूनही असं झालंय. वळवाचे पाऊस लवकर सुरू झाले, मी अर्धवट गर घाण्यावर नेला. आतून काही गरांना पांढरी बुरशी होती, माझ्या लक्षात आली नाही. ते तेल मी टाचेला लावलं तरी दोन दिवस चुरचुरत होतं. सगळं दिव्यात जाळलं. धूर पुष्कळ झाला, पण रॉकेल यायच्या आधी इथे घरोघरी उंडेलाचेच दिवे असायचे, तेव्हा जाळायला ते कमी पडत नाही.

घाण्याचं एक सांगते, त्यावरून तेलाचा स्वभाव कळेल. आमचा घाणेवाला उंडी सगळ्यात शेवटी घेतो, खोबरं आणि तीळ संपल्यावर. कारण उंडेल खायचं नाही, पोटात गेलं तर बाधतं, आणि घाण्याला लागलेला अंश पुढच्या खोबरेलात उतरला तर तेही वाया. पेंड गुरांना घालत नाही, ती माडाच्या बुंध्यात जाते. घाण्यावरून आणलेलं तेल मी तीन आठवडे बरणीत न हलवता ठेवून देते. खाली बोटभर गाद बसते. वरचं तेल निवळ करून कापडातून दोनदा गाळते आणि काळ्या काचेच्या बाटलीत भरते. थंडीत पहाटे ते दाटतं, ऊन चढलं की परत वाहतं. मावशीने गाद बसू दिली होती का, हेही विचार. घाण्यावरचं तेल गढूळ असताना बाटलीत भरलं असेल तर तुझ्या गालाला तेलाबरोबर सालीचा भुसाही चोळला गेला असेल.

आता आजी चेहऱ्याला का लावू देत नव्हती. माझ्या सासूबाईही नाही म्हणायच्या, आणि कारण एकच द्यायच्या: डोळ्यात जाईल. उंडीची पानं किंवा साल मोडली की पांढरट चीक निघतो, तो डोळ्याला फार वाईट. इथली पोरं झाडाखाली खेळायची, कवचाच्या शिट्ट्या करायची, पण फांदी मोडायची नाही हा सक्त नियम. तेलात तो चीक नसतो, तरी उंडीचं काही म्हटलं की डोळ्यांपासून लांब ठेवायचं हे अंगवळणी पडलेलं. शिवाय ते गुडघ्याचं, टाचेचं, पाठीचं तेल, दाट आणि जड. लहान मुलीच्या गालाला ते कशाला, असंही तिला वाटलं असेल.

मी स्वतः निव्वळ उंडेल कधीच लावत नाही. एक चमचा उंडेल आणि नऊ चमचे खोबरेल, कोमट करून. टाचा, कोपरं, विळ्याने कापून भरत आलेली जखम, थंडीत फुटलेले हात. उघड्या जखमेवर नाही, खपली धरल्यावर. एवढ्या कामाला मला याहून चांगलं तेल माहीत नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावर कोयत्याची खूण होती, ती आता शोधावी लागते. पण ती ताजी असताना सहा महिने रोज लावलं होतं, आणि काळ तर गेलाच मध्ये. नुसत्या तेलाने गेली असं मी शपथेवर सांगणार नाही.


खलबत्ता:

मी फार्मासिस्ट आहे, आधी काही वर्षं क्रीम-लोशन बनवणाऱ्या कारखान्यात काम केलंय. पुळणताईंनी वाळवणाचं इतकं स्वच्छ लिहिलंय की त्यात घालायला काही नाही. मी फक्त बाटलीचं आणि ॲलर्जीचं बोलतो.

फिकट पिवळं तेल खोटं असेलच असं नाही. उंडेलातली राळ अल्कोहोलने धुऊन वेगळी करता येते, मग रंग-वास काढून टाकतात. क्रीमवाल्यांना असं तेल सोयीचं, कारण पांढरं क्रीम हिरवं होत नाही आणि वास सहन करावा लागत नाही. उरतं ते मुख्यतः ओलेइक, लिनोलेइक, पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांचं साधं तेल. त्वचा मऊ ठेवायला उत्तम. पण उंडेलाच्या ज्या गुणांची जाहिरात होते ते मुख्यतः राळेतल्या कॅलोफायलोलाइड आणि इनोफायलम या घटकांशी जोडलेले आहेत. २०१७ साली कॅलोफायलोलाइडवर एक संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात उंदरांच्या जखमा त्याने लवकर भरून आल्या आणि सूज कमी झाली. ते वेगळा काढलेला शुद्ध घटक आणि उंदीर, एवढं लक्षात ठेवून वाचायचं. राळ काढलेल्या तेलाच्या जाहिरातीत राळेचे गुण सांगणं मला पटत नाही, याबद्दल कारखान्यात मी वादही घातले आहेत.

क्रीम घेणार असाल तर मागचं लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, एक टक्क्याहून कमी असलेले शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात. 'कॅलोफायलम' जर सुगंध आणि संरक्षकांच्या रांगेत शेवटी दिसलं, तर पुढच्या बाजूला झाडाचं कितीही मोठं चित्र असो, आत नावापुरतं आहे असं धरा.

आता गाल. पुळणताई म्हणतात तसं तेल बिघडलेलं असू शकेल. पण उत्तम उंडेलाचीही ॲलर्जी येते. तमानू तेलाने झालेल्या संपर्क-त्वचादाहाची नोंद त्वचारोगाच्या वैद्यकीय नियतकालिकात २००४ सालीच आहे. म्हणून 'तेल खराब होतं, आता चांगलं आणून लावते' असं करू नका. एकच गाल लाल झाला हेही नोंदवून ठेवा. त्या कुशीवर झोपला असाल तर उशीने तेल रात्रभर दाबून धरलं असेल. पूर्ण बरं वाटल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, पातळ केलेलं तेल दिवसातून दोनदा आठ दिवस लावून बघा. एक-दोन दिवसांत काही झालं नाही म्हणून थांबू नका, ॲलर्जी उशिरा उमटू शकते. पुरळ आलं तर उंडी तुमच्यासाठी नाही, तमानूच्या नावानेही नाही.

एका ठिकाणी माझं पुळणताईंपेक्षा वेगळं मत आहे. टाचांना खोबरेल ठीक, पण मुरमं येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल आणि उंडेल दोन्ही जड पडतात, रंध्रं बुजतात. डाग कमी करायचे तर रोज न चुकता सनस्क्रीन लावा, तपकिरी डाग उन्हानेच गडद होत राहतात. उंडेल ऊन शोषतं असं प्रयोगशाळेत दिसलंय, त्यावरून कुणी ते सनस्क्रीनऐवजी लावायला सांगतात, तसं मुळीच करू नका. आणि खड्डे कुठल्याच तेलाने भरत नाहीत. तिथे कातडीच्या खालच्या थरातलं कोलॅजन गेलेलं असतं. त्यावर त्वचातज्ज्ञांकडे उपचार आहेत, पैसे आणि आशा तिकडे वळवा.


अबोली:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. गाल आता बरा आहे, काही लावत नाहीये. आणि हो, मी डाव्या कुशीवरच झोपते!

मावशीला फोन केला. तिने गर बारा-तेरा दिवसच वाळवला होता. घाणेवाला पुढच्या आठवड्यात गावाला जाणार होता, म्हणून घाईने नेला. रंग विटकरी झाला होता म्हणते, काळपट नाही. गाद बसू दिली नाही, आल्या आल्या मला पाठवण्यासाठी बाटलीत भरलं. बाटली आता उजेडात धरली तर खाली बोटाच्या पेराएवढा साका आहे, मी नीट बघितलंच नव्हतं. वास मेथीसारखा आहे, पण मागून काहीतरी आंबूस येतं. पहिल्या दिवशी मला फक्त आजीच्या घराचा वास आला होता, दुसरं काही जाणवलंच नाही.

मावशीला वाईट वाटलं, 'मी तुला माया म्हणून पाठवलं गं' म्हणाली. तिच्याकडे अजून चार लिटर आहे. ते फेकायचं का? आणि परसातल्या झाडाला आता परत फुलं आलीत म्हणते, तर पुढच्या खेपेला तिने काय करावं?


पुळण:

फेकू नका गं. निवळून घ्या आणि लाकडाला वापरा. झोपाळ्याची फळी, दाराची चौकट, कोयत्याची मूठ, पावसाळ्याआधी एक हात दिला तर लाकूड छान राहतं. उरलेलं अंगणातल्या दिव्याला. अंगाला मात्र नाही, मावशीच्या गुडघ्यांनाही नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत तसं लिहून ठेव, म्हणजे दुसरं कुणी अंगाला लावणार नाही.

खलबत्ता, खोबरेलाचं तुमचं म्हणणं मान्य. मी चेहऱ्याचा विचार केलाच नव्हता, आमच्याकडे ते तिथे लावतच नाहीत.

मावशीला सांग, उंडीला वर्षात दोनदा बहर येतो, तेव्हा घाईचं काही कारण नाही. फळं पाडायची नाहीत, पडलेली वेचायची. ज्या बिया हलवल्यावर आत खुळखुळतात त्या आधी फोडायच्या, त्यांचा गर कवचातच सुकायला लागलेला असतो. गर फोडताना काळी खोड किंवा पांढरी बुरशी असलेला एकही आत जाता कामा नये, एक गर अख्ख्या घाण्याची चव घालवतो. ढग आले की उचलून चुलीच्या वरच्या माळ्यावर पसरायचा, उबेवर तो टिकतो. आणि घाणेवाला गावाला गेला तर जाऊ दे, पूर्ण वाळलेला गर डब्यात महिनाभर सहज राहतो.

चार बिया रुजवायलाही ठेवायला सांग. कवच काढून पेरल्या तर तीनेक आठवड्यांत कोंब दिसतो, कवचासकट पेरल्या तर दोन महिने वाट बघावी लागते. आमच्या खाडीकाठच्या जुन्या उंड्या रस्ता रुंद करताना गेल्या, त्यातली सगळ्यात मोठी मी आले तेव्हा दोघांच्या कवेत मावत नव्हती. म्हणून दरवर्षी मी दहा-बारा रोपं करते आणि मागेल त्याला देते.

माझा या खेपेचा गर सध्या खळ्यात आहे, एकेचाळीस दिवस झाले. उद्या सकाळच्या उन्हात पहिल्या आठवड्याचा, मधला आणि आत्ताचा असे तीन गर शेजारी शेजारी ठेवून फोटो टाकते. मावशीला दाखव, रंग सांगून कळत नाही.